बाल्डर्स गेट ३ : कुणाच्या हातात कोणतं शस्त्र द्यायचं? नवख्यांसाठी पायरीपायरीने

'बाल्डर्स गेट ३' सुरू करून दोनेक तास झाले की पिशवीत शस्त्रांचा ढीग साठतो. मेलेल्या गॉब्लिनांच्या कट्यारी, पेटीत सापडलेली कुऱ्हाड, कुठल्याशा सांगाड्याजवळ पडलेलं धनुष्य. नवा खेळाडू ढिगाकडे बघतो, सगळ्यात मोठा आकडा शोधतो आणि ते शस्त्र समोर दिसेल त्या पात्राच्या हातात देतो. पुढच्या लढाईत तीन वार हुकतात आणि मग 'हा गेम फार अवघड आहे' असं त्याचं मत होतं.

गेम तितका अवघड नाही. शस्त्र निवडताना आधी शस्त्राकडे न बघता ते धरणाऱ्या हाताकडे बघायचं, एवढी एक सवय लागली तर पहिल्या अंकातल्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. हा लेख त्या सवयीसाठी आहे.

ज्यांनी टेबलावर बसून फासे टाकत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' कधीच खेळलेलं नाही, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. मुंबईत असे पुष्कळ लोक आहेत, कारण इथे दर आठवड्याला चार माणसं एका टेबलाभोवती जमवणं हेच मोठं काम. आमचा गट दहिसरपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेला आहे. त्यात जुलै महिना, रुळांवर पाणी. म्हणून आम्ही आपापल्या घरून ऑनलाइन खेळतो, या गेममध्ये चौघांना एकत्र खेळता येतं. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने तो ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि त्याचे नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. पडद्यावर कितीही देखणी लढाई दिसली तरी आत फासेच पडत असतात, हे कायम लक्षात असू द्या.

पहिली पायरी : हात कुणाचा आहे?

प्रत्येक वाराला दोन प्रश्न असतात. वार लागला का? आणि लागला तर किती लागला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वीस बाजूंचा फासा देतो. फाशावरच्या आकड्यात पात्राचा बोनस मिळवायचा. ती बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी (त्याला वार लागणं किती अवघड, ते सांगणारा आकडा) किंवा त्याहून जास्त झाली तर वार लागला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शस्त्राचा स्वतःचा फासा देतो आणि नवखे नेमके तेवढ्यावरच अडकतात. फास्ट लोकल कितीही वेगाने जाऊ दे, ती तुमच्या स्टेशनावर थांबतच नसेल तर त्या वेगाचा तुम्हाला काय उपयोग?

बोनस येतो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे पात्राचा गुण. जवळच्या लढाईतल्या शस्त्रांना स्ट्रेंथ (ताकद) लागते, धनुष्य आणि क्रॉसबो यांना डेक्स्टेरिटी (चपळाई). काही शस्त्रांवर 'फिनेस' असं लिहिलेलं असतं : डॅगर, शॉर्टस्वोर्ड, सिमिटर, रेपियर. त्यांच्यासाठी या दोन्हींपैकी जो गुण जास्त असेल तो आपोआप धरला जातो. गुणाचा मॉडिफायर, म्हणजे त्यातून मिळणारा बोनस, काढायला त्यातून १० वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा, अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्या. १६ आणि १७ दोन्हींना +३, १३ ला +१, ८ ला -१.

गेममधल्या सोबत्यांपैकी ॲस्टॅरियन घ्या. त्याची डेक्स्टेरिटी १७ आहे आणि स्ट्रेंथ ८. समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास १४ धरू. रेपियर हातात असेल तर बोनस +५, म्हणजे फाशावर ९ किंवा जास्त पडलं की वार लागतो, शक्यता ६० टक्के. रेपियरचा फासा १डी८, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, सरासरी ४.५, त्यात ३ मिळवले की ७.५. दर वारामागे हिशेबाने ४.५ डॅमेज. आता त्याच्या हातात ग्रेटॲक्स द्या. फासा १डी१२, दिसायला भारदस्त. पण स्ट्रेंथ -१ आणि ती कुऱ्हाड चालवायचं शिक्षण त्याला नाही, त्यामुळे फाशावर १५ पडायला हवेत. शक्यता ३० टक्के, लागला तर सरासरी ५.५, आणि दर वारामागे पडतात जेमतेम १.६५. मोठा फासा घेऊन डॅमेज जवळजवळ एक तृतीयांशावर आलं. शिवाय ॲस्टॅरियनचा क्लास, म्हणजे पेशा, 'रोग' (Rogue) आहे आणि रोगचा स्नीक अटॅक हा जादा मार फक्त फिनेस किंवा लांबून मारायच्या शस्त्रानेच बसतो, म्हणजे तोही गेला.

हे गणित दर वेळी डोक्यात करायची गरज नाही. शत्रूवर कर्सर नेला की वार लागण्याची टक्केवारी गेम स्वतः दाखवतो. दोन शस्त्रांमध्ये गोंधळ असेल तर एक धरून टक्केवारी बघा, मग दुसरं धरून बघा. ५० च्या खाली आकडा दिसला तर शस्त्र चुकतंय किंवा जागा चुकतेय.

दुसरी पायरी : शिक्षण आहे का?

बोनसचा दुसरा भाग म्हणजे प्रोफिशियन्सी, त्या शस्त्राचं शिक्षण. पहिल्या लेव्हलला त्याचे +२ मिळतात, पाचव्या लेव्हलला ते +३ होतात, नवव्याला +४. शिक्षण नसेल तर हे मिळत नाहीत आणि शस्त्रासोबत येणारे खास डावही मिळत नाहीत.

शस्त्रांचे दोन गट आहेत. सिंपल गटात क्लब, डॅगर, मेस, स्पिअर, क्वार्टरस्टाफ, हँडॲक्स, जॅव्हलिन, शॉर्टबो, लाइट क्रॉसबो अशी साधी हत्यारं. मार्शल गटात लाँगस्वोर्ड, रेपियर, ग्रेटस्वोर्ड, हॅल्बर्ड, लाँगबो वगैरे. फायटर, बार्बेरियन, पॅलडिन, रेंजर यांना दोन्ही गट येतात. विझर्ड आणि सॉर्सरर यांना मोजकीच हत्यारं येतात.

पण क्लासवर थांबू नका, पात्राची जातही बघा. एल्फला लाँगस्वोर्ड, शॉर्टस्वोर्ड आणि दोन्ही धनुष्यं येतात. ड्वार्फला बॅटलॲक्स आणि वॉरहॅमर. गिथयांकीला ग्रेटस्वोर्ड. माणूस आणि हाफ-एल्फ यांना तर भाल्याच्या जातीची शस्त्रं आणि वर ढाल. ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे. गेल हा सोबती विझर्ड असला तरी माणूस आहे, त्यामुळे एका हातात क्वार्टरस्टाफ आणि दुसऱ्या हातात ढाल घेऊन तो मजेत मंत्र टाकू शकतो. शिक्षण नसलेली ढाल किंवा चिलखत घातलं असतं तर त्याला मंत्रच टाकता आले नसते. म्हणून ढाल देण्याआधी टूलटिप, म्हणजे तिच्यावर कर्सर नेल्यावर दिसणारी माहिती, नीट वाचाच.

तिसरी पायरी : एक हात की दोन?

गुण आणि शिक्षण जमलं की मग फाशांकडे वळायचं. इथे खरी मजा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

लाँगस्वोर्ड, बॅटलॲक्स आणि वॉरहॅमर ही तिन्ही 'व्हर्सटाइल' आहेत. एका हातात धरली तर १डी८, दोन्ही हातांनी धरली तर १डी१०. सरासरीत फरक किती? ४.५ आणि ५.५, म्हणजे एकच अंक. तो एक अंक सोडला की मोकळ्या हातात ढाल येते आणि साधी ढालसुद्धा आर्मर क्लास २ ने वाढवते. २ म्हणजे शत्रूचा प्रत्येक वार लागण्याची शक्यता दहा टक्क्यांनी कमी. सुरुवातीच्या लेव्हलांना पात्रांचे हिट पॉइंट्स (किती मार सोसता येईल तो आकडा) दहा-पंधराच्या घरात असतात, तेव्हा हा सौदा फायद्याचाच आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने पुढे उभं राहणाऱ्या निदान एका पात्राला ढाल द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

दोन हातांचं शस्त्र घ्यायचंच तर ग्रेटस्वोर्ड आणि ग्रेटॲक्स यांत बरेच जण अडखळतात. ग्रेटॲक्सचा फासा १डी१२, सरासरी ६.५. ग्रेटस्वोर्डचे दोन फासे, २डी६, सरासरी ७. कुऱ्हाडीवर एका वाराला १ पडू शकतो आणि १२ पडण्याची शक्यताही तेवढीच. तलवारीवर कमीत कमी २, आणि बहुतेक वेळा आकडा मधोमध येतो. फायटरने ग्रेट वेपन फायटिंग ही शैली घेतली तर १ आणि २ आलेले फासे पुन्हा टाकले जातात. त्याने तलवारीची सरासरी ८.३ च्या आसपास जाते, कुऱ्हाडीची ७.३. पहिली खेळी असेल तर तलवार घ्या. भरवशाचा आकडा मिळाला की डाव आखता येतो, कुठला शत्रू या फेरीत पडेल याचा अंदाज चुकत नाही.

ड्युएलिंग ही शैलीही विचारात घ्यावी. एका हातात शस्त्र आणि दुसऱ्यात ढाल असेल तर डॅमेजमध्ये २ वाढतात. लेझेल या सोबतीणीची स्ट्रेंथ १७ आहे. तिला लाँगस्वोर्ड, ढाल आणि ड्युएलिंग दिलं तर वार लागल्यावर सरासरी ९.५ पडतात. कोणतीही शैली नसताना ग्रेटस्वोर्डने पडतात १०. अर्ध्या अंकासाठी ढाल सोडायची का, हे तुम्हीच ठरवा.

दोन्ही हातांत एकेक छोटं शस्त्र घेणं दिसतं फार छान. त्यासाठी दोन्ही शस्त्रं 'लाइट' हवीत. दुसऱ्या हाताचा वार बोनस ॲक्शन (आपल्या पाळीत मिळणारी जादा छोटी कृती) खातो आणि त्यासाठीची शैली घेतलेली नसेल तर त्या वारात गुणाचा बोनस मिळत नाही. तरीही रोगला हे शोभतं, कारण पहिला वार हुकला तर स्नीक अटॅकची दुसरी संधी मिळते. फक्त शस्त्रांच्या चिन्हाशेजारी जो दोन शस्त्रांचा टॉगल असतो तो बंद ठेवा. चालू असला की साध्या वारासोबत दुसरा हातही आपोआप चालतो आणि लपण्यासाठी राखून ठेवलेली बोनस ॲक्शन संपून जाते.

लांब दांड्याची ग्लेव्ह, हॅल्बर्ड आणि पाइक ही शस्त्रं १.५ मीटरऐवजी २.५ मीटरवर पोचतात, फासा १डी१०. दाराच्या चौकटीत ढालवाला उभा करून मागून हॅल्बर्ड चालवायची, हा जुना आणि चोख डाव आहे.

लांबून मारायचं काय?

प्रत्येक पात्राकडे जवळचं आणि लांबचं असे दोन संच एकाच वेळी असतात आणि लढाईत त्यांची अदलाबदल फुकट होते. साधे बाण संपत नाहीत. तेव्हा लांबच्या शस्त्राची जागा रिकामी ठेवायला काही कारणच नाही. उंचावरून मारलात तर +२ मिळतात, खालून वर मारलात तर २ जातात. शत्रू अंगाला भिडलेला असताना बाण मारू नका, दोन फासे पडतात आणि त्यातला वाईट धरला जातो.

ज्यांची डेक्स्टेरिटी बेताची आहे त्यांच्यासाठी फेकायची शस्त्रं आहेत. जॅव्हलिन स्ट्रेंथवर चालतो. कारलॅकसारख्या बार्बेरियनला धनुष्यापेक्षा तीन-चार जॅव्हलिन द्या, रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) असताना फेकीलाही जादा डॅमेज मिळतं. लढाई संपली की जमिनीवरून उचलून घ्यायला विसरू नका. पुढे गॉब्लिनांच्या तळावरच्या व्यापाऱ्याकडे 'रिटर्निंग पाइक' मिळतो, तो फेकला की आपसूक हातात परत येतो. आपल्याकडच्या विट्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. मराठा शिपाई भाल्याला दोरी लावून ती मनगटाला बांधत आणि फेकलेला विटा ओढून परत घेत.

सोबती आणि त्यांची शस्त्रं

लेझेल आणि कारलॅक सोप्या आहेत. दोघींची स्ट्रेंथ १७, दोघींना सगळी शस्त्रं येतात. कारलॅकला दोन हातांचं काहीही द्या. दुसऱ्या लेव्हलला रेकलेस अटॅक मिळाला की तिचे दोन फासे पडतात आणि चांगला धरला जातो, त्यामुळे ६० टक्क्यांची शक्यता ८४ वर जाते. लेझेलबद्दल वर सांगितलंच आहे.

ॲस्टॅरियनला रेपियर किंवा दोन शॉर्टस्वोर्ड, पाठीवर धनुष्य. विलची खरी ताकद त्याच्या एल्ड्रिच ब्लास्ट या मंत्रात आहे. त्याच्या हातातला रेपियर शत्रू अगदी जवळ आला तरच वापरायचा. तिसऱ्या लेव्हलला पॅक्ट ऑफ द ब्लेड घेतलं तर चित्र पालटतं, कारण मग शस्त्र करिश्म्यावर चालतं आणि त्याचा करिश्मा १७ आहे. गेलच्या बाबतीत काठीने मारायचा विचार सोडा. पहिल्या लेव्हललाच त्याचा फायर बोल्ट १डी१० चा आहे आणि तो त्याच्या १७ इंटेलिजन्सवर चालतो. त्याच्या हातातली काठी निवडायची ती तिच्या अंगच्या जादुई गुणांसाठी.

शॅडोहार्टवर मात्र थांबायला हवं, कारण नवखे सगळ्यात जास्त तिच्यावरच वैतागतात. ती क्लेरिक आहे, हातात मेस, दुसऱ्या हातात ढाल. बघताना वाटतं की ही पुढे उभं राहून लढणारी. पण तिची स्ट्रेंथ १३ आणि डेक्स्टेरिटीही १३. दोन्हींचा मॉडिफायर +१, म्हणजे एकूण बोनस +३ आणि आर्मर क्लास १४ वर शक्यता ५० टक्के. लागलाच तर १डी६ अधिक १. तिला वेगळी गदा किंवा वेगळा भाला देऊन हे सुधारत नाही, अडचण गुणांत आहे. तिची विझडम १७ आहे, तर तिच्याकडून काम मंत्रांचं घ्या. ढाल हातात राहू द्या, लढाईच्या सुरुवातीला तिला ब्लेस हा मंत्र टाकू द्या. तिघांच्या प्रत्येक वाराच्या फाशात १डी४ मिळतो, म्हणजे सरासरी अडीच, म्हणजे तिघांचीही शक्यता बारा टक्क्यांच्या आसपास वाढते. लेझेलच्या हातातली तलवार जास्त वेळा लागायला लागते ती शॅडोहार्टमुळे. ब्लेस टिकण्यासाठी एकाग्रता लागते आणि मार बसला की ती तुटू शकते. ढाल तिथे कामाला येते.

शस्त्राचे डाव आणि माराची जात

शिक्षण असलेल्या हातात शस्त्र आलं की खालच्या पट्टीत त्याचे खास डाव उमटतात. क्वार्टरस्टाफचा टॉपल शत्रूला आडवा पाडतो, ग्रेटस्वोर्डचा क्लीव्ह एकाच घावात अनेकांना लागतो. शॉर्ट रेस्ट घेतली की हे डाव परत मिळतात. नवखे ते राखून ठेवतात आणि शेवटी वापरतच नाहीत. प्रत्येक लढाईत वापरा.

मार तीन जातींचा : कापणारा, टोचणारा, ठेचणारा. सुरुवातीला याचा फार विचार नको, एकच अपवाद. सांगाड्यांवर ठेचणारा मार दुप्पट बसतो. म्हणून पिशवीत एक मेस किंवा वॉरहॅमर कायम असू द्या, विकू नका. काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रास्त्रांचं दालन आहे, अकबराचं चिलखत आणि ढालही तिथेच आहे. रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. एवढ्या वेगवेगळ्या आकारांची हत्यारं का घडवली गेली, हे त्या काचेसमोर उभं राहिल्यावर जितकं पटकन कळतं तितकं टूलटिप वाचून कळत नाही.

आणखी एक फुकटची गोष्ट : डिप. जळती मेणबत्ती किंवा शेकोटी जवळ असेल तर बोनस ॲक्शन खर्चून शस्त्र त्यात बुडवा, थोडा वेळ प्रत्येक वाराला १डी४ आगीचं डॅमेज जास्त मिळतं. सरासरी अडीच. लाँगस्वोर्ड आणि ग्रेटस्वोर्ड यांच्यातला फरकही एवढाच आहे, आणि इथे तो एका मेणबत्तीत मिळतो.

पहिलं चांगलं शस्त्र

अगदी सुरुवातीला, नॉटिलॉइड जहाजावरच, एक उत्तम ग्रेटस्वोर्ड मिळू शकते. शेवटच्या दालनात कमांडर झाल्क माइंड फ्लेयरशी लढत असतो, त्याच्या हातात एव्हरबर्न ब्लेड असते : २डी६ आणि वर १डी४ आग. त्याला मारणं त्या लेव्हलला कठीण. पण शॅडोहार्टला वाटेतच पॉडमधून सोडवलं असेल आणि तिच्या तयार मंत्रांत कमांड असेल, तर त्यातला 'ड्रॉप' हा हुकूम झाल्कवर टाका. लागला तर तलवार त्याच्या हातातून खाली पडते. लेझेलने ती उचलायची आणि सगळ्यांनी पुढचा रस्ता धरायचा. तिथे फेऱ्या मोजून मिळतात, म्हणून दालनात शिरण्याआधी सेव्ह करा.

नंतर एमराल्ड ग्रोव्हमध्ये डॅमन नावाचा लोहार भेटतो. नाण्यांची चणचण असेल तेव्हा आधी '+१' लिहिलेल्या शस्त्राला पसंती द्या. हा १ वार लागण्यातही मिळतो आणि डॅमेजमध्येही. साधी ग्रेटस्वोर्ड आणि +१ लाँगस्वोर्ड समोर असतील तर ढालवाल्यासाठी दुसरी घ्या.

चौथ्या लेव्हलला पहिला फीट, म्हणजे पात्राचं एखादं खास कौशल्य, निवडायचा असतो. तोपर्यंत प्रत्येक पात्राच्या हाताची दिशा ठरलेली असावी, कारण चांगले फीट शस्त्राशी बांधलेले आहेत. ग्रेट वेपन मास्टरमध्ये वार लागण्यातले ५ देऊन १० डॅमेज मिळतं, ते दोन हातांच्या शस्त्रालाच. टॅव्हर्न ब्रॉलर फेकणाऱ्याला स्ट्रेंथचा बोनस दुप्पट देतो. दिशा ठरत नसेल तर गुण वाढवणारा फीट घ्या. १७ चे १८ झाले की मॉडिफायर +४ होतो आणि कोणतंही शस्त्र धरलं तरी तो कामी येतो.

एवढं करूनही एखादं पात्र मनासारखं जमलं नाही, तर नवा गेम सुरू करू नका. कोसळलेल्या जहाजाजवळच्या पडक्या देवळाखाली एक तळघर आहे, तिथल्या शवपेटीत विदर्स सापडतो. नंतर तो तुमच्या छावणीत येऊन राहतो आणि १०० सोन्याच्या नाण्यांत कुणाचेही गुण, क्लास, सगळं पहिल्यापासून मांडून देतो. शॅडोहार्टची स्ट्रेंथ वाढवून तिला खरोखरच पुढे उभं करायचं असेल तर ते इथे होतं. तळघरात सांगाडे उठतात, जाताना तो मेस सोबत न्या.